कोरीव लाकडावरचा जुना रंग काढताना

आधी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाएवढी जागा हलक्या हाताने खरवडून थर पाहा. तळाशी सोनेरी वर्ख किंवा मूळ रंगकाम दिसलं तर तिथेच थांबा. पुढचं काम जतन-तज्ज्ञाचं. लाकडाऐवजी खडूसारखी पांढरी भर निघाली तर नक्षी कोरलेली नसून साच्यातली असू शकते, ती ओल्याने फुगते. मेथिलेटेड स्पिरिटच्या बोळ्याने थर चिकट होऊन सुटू लागला तर ते लाखेचं पॉलिश. त्याला स्पिरिटच पुरतं, रिमूव्हर (रंग मऊ करून काढणारं रसायन) नको.

जुन्या तैलरंगात शिसं आहे असं धरूनच चाला. म्हणून कोरडं घासायचं नाही आणि ब्लो-टॉर्च तर नाहीच. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) सपाट फळीला ठीक. नक्षीच्या पातळ कडा रंग सुटायच्या आत करपतात. कॉस्टिक सोडा स्वस्त, पण सागवान-ओकसारखं लाकूड काळवंडतं, रेषा उठतात आणि सरसाचे सांधे सुटतात.

उरतो जेलसारखा घट्ट रिमूव्हर. तो उभ्या भागावरून ओघळत नाही. बेंझिल अल्कोहोलवाला घ्या, वेळ जास्त लागला तरी. मिथिलीन क्लोराइडवाला झटपट काम करतो, पण त्याची वाफ बंद खोलीत जिवावर बेतते आणि साधे लेटेक्सचे हातमोजे त्यात टिकत नाहीत. कुठलाही वापरा, दारं-खिडक्या उघड्या, डोळ्यांवर गॉगल.

एका वेळी हातभर भागच घ्या. २-३ मिलिमीटरचा जाड थर एकाच दिशेने लावा. पुन्हा ब्रश फिरवला की रिमूव्हरमधल्या मेणाचा वर धरलेला पापुद्रा फाटतो आणि रिमूव्हर वाळून जातो. वर पॉलिथिन दाबून बसवा आणि डब्यावरच्या वेळेइतकं थांबा. बेंझिल अल्कोहोलला काही तास लागतात. घाई केली तर अर्धवट मऊ रंग खाचांत आणखी घट्ट बसतो. बहुतेक नक्षी इथेच बिघडते, कारण मग माणूस पटाशी हातात घेतो.

रंग सुरकुतला की सपाट भाग कोपरे गोल केलेल्या पट्टीने उचला. खाचांसाठी टोक काढलेली बांबूची काडी आणि नायलॉनचा ताठ ब्रश. कातलेल्या खांबाच्या खोबणीत सुतळी गुंडाळून पुढे-मागे ओढा. चिखल फार झाला तर मूठभर भुसा टाका, तो शोषून गोळा होतो. पोलादी लोकर टाळा: तिचे कण अडकतात आणि ओल लागली की टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर काळे डाग पडतात. थर उरले तर दुसरा हात द्या, जोर वाढवू नका.

शेवटी डब्यावर सांगितलेल्या द्रवाने, टर्पेंटाइनने किंवा पाण्याने, खाचा दोनदा धुवा. मेण राहिलं तर नवं पॉलिश तिथे धरत नाही. पाणी वापरलं असेल तर लगेच पुसा, नाहीतर सांधे फुगतात. ४८ तास सावलीत वाळवा, मग फक्त रंग पूर्ण निघालेल्या सपाट भागावर २२० नंबरचा पॉलिश पेपर. भिजलेल्या चिंध्या बाहेर पसरून वाळू द्या आणि शिशाचा चिखल झाकणबंद डब्यात वेगळा ठेवा, नाल्यात नाही.