दुखत नाही म्हणून थांबू नका: मधुमेहात पायाच्या बाबतीत या चुका टाळा

मधुमेही पायाच्या ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “दुखत नव्हतं हो, नाहीतर लगेच आलो असतो.” बोलणारा खोटं बोलत नसतो. तळव्याला रुपयाएवढी जखम, सॉक्सला पिवळट डाग, आणि गडी स्टँडपासून चालत आलेला. सोबत आलेल्या मुलालाही वाटतं, चालतायत म्हणजे फार काही नसेल. खरं तर तळव्याला भोक पडलेलं असताना ज्याला चालता येतं, त्याचा पाय बधिर झालेला असतो.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रत्येकाचाच पाय धोक्यात असतो असं नाही. पण साखर बरीच वर्षं चढी राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी कुरतडल्या जातात, आणि त्या संपतात पायाच्या बोटांत. म्हणून बधिरपणा तिथून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. हळूहळू होत असल्यामुळे तो कळत नाही.

इथे एक गोंधळ बहुतेकांचा होतो. “माझ्या तर पायांची आग आग होते, मग बधिर कसा असेल?” दोन्ही एकाच वेळी असू शकतं. बिघडलेली नस स्वतःहून आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखे खोटे निरोप पाठवत राहते आणि खिळा टोचला तर खरा निरोप मात्र पोचवत नाही. तसंच “आता शुगर कंट्रोलमध्ये आहे” हेही पायाच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सात टक्क्यांवर आला ही उत्तम गोष्ट, पण गेलेली संवेदना त्यामुळे सहसा परत येत नाही.

घरच्या घरी तपासायचं असेल तर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक सोपी पद्धत आहे. माणसाला डोळे मिटून आडवं करा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, घासायचं नाही, आणि “आता लावलं, कळलं का?” असं तर मुळीच विचारायचं नाही. स्पर्श कळला की त्यानेच डावा-उजवा सांगायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरून चाला आणि दवाखान्यात रीतसर तपासणी करून घ्या. तिथे दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून पाहतात. काहीही त्रास नसला तरी मधुमेहींनी ही तपासणी वर्षातून एकदा करायचीच असते. संवेदना गेली असेल तर सहा महिने ते वर्षभरात पुन्हा, आणि पूर्वी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी.

शेक, बिब्बा, ब्लेड

पाय बधिर वाटतो, गार वाटतो, म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायचं. घरोघरी चालणारा हा उपाय, आणि थंडीच्या दिवसांत दोन्ही पावलांना फोड घेऊन येणारे पेशंट याचेच. पाणी हाताने तपासलं होतं असं ते सांगतात. पण मुरलेल्या मधुमेहात बोटांच्या टोकांचीही जाणीव कमी झालेली असते. कोपराने तपासा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. खरं म्हणजे पाय भिजत घालायचेच नाहीत. कोमट पाण्याने धुवायचे आणि बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसायचे. गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, शेकोटी, मोटारसायकलचा सायलेन्सर या सगळ्यांनी भाजलेलं आम्ही पाहतो.

कुरूप आणि घट्टे हा दुसरा भाग. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक अॅसिड असतं. त्याला कुरूप कुठलं आणि चांगली कातडी कुठली हे कळत नाही; बधिर पायावर ती पट्टी चार दिवस राहिली की खाली खड्डा तयार. गावाकडे हेच काम बिब्ब्याचं तेल करतं, आणि बिब्ब्याने उतलेला पाय ज्याने पाहिला आहे तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. दाढीच्या ब्लेडने घट्टा तासणारे तर घरोघरी आहेत. घट्टा काढायलाच हवा, कारण तो बुटातल्या खड्यासारखा आत रुततो. पण तो सर्जिकल ब्लेडने, प्रकाशात, सवयीच्या हाताने काढायचा असतो. घट्ट्याच्या मधोमध काळपट-तांबडा ठिपका दिसला तर समजा की खाली रक्त साकळलं आहे आणि जखम आधीच झालेली आहे, फक्त वर झाकण आहे. हे झाकण उघडल्यावर घरचे म्हणतात, “डॉक्टरांनीच जखम केली.” तपासायच्या आधी हे समजावून सांगायला आम्ही डॉक्टरही कमी पडतो, हेही खरं.

नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. नजर कमी असेल तर दुसऱ्याकडून कापून घ्या. भेगांना व्हॅसलीन, खोबरेल किंवा युरियाचं क्रीम चालतं, पण बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात आणि पावसाळ्यात पाय सुजून लाल होण्याची सुरुवात बऱ्याचदा त्या इवल्याशा चिरेतून होते.

मलम बदललं, चालणं तेच

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे, आणि ती पेशंटइतकीच डॉक्टरांचीही आहे.

चवड्याखाली जखम आहे. एका दवाखान्यात मलम दिलं, दुसऱ्याने अँटिबायोटिक बदललं, तिसऱ्याने चांदीचं ड्रेसिंग लावलं, चौथ्याने महागडं जेल. पिशवीत सगळी बिलं असतात. रोज ड्रेसिंग होतं, आणि ड्रेसिंग झालं की पेशंट त्याच जखमेवर पाय टेकून घरी जातो. दिवसभरात हजारो पावलं. प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार त्याच रुपयाएवढ्या जागेवर. अशी जखम भरेल कशी?

हे आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामातून फार पूर्वी कळलेलं आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरुग्णांचे पाय रोगाने सडतात अशी तेव्हाची समजूत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की पाय बधिर झाल्यामुळे सतत दाब पडून जखमा होतात, आणि पायाला प्लास्टर घालून दाब काढला की त्याच जुनाट जखमा भरून येतात. मधुमेही पायालाही तोच नियम लागू पडला. आजही चवड्याखालच्या, रक्तपुरवठा बरा असलेल्या जखमेसाठी पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, पेशंटला काढता न येणाऱ्या प्लास्टरला किंवा बुटालाच आहे.

काढता न येणारा असं मुद्दाम म्हणतो. २००३ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात पेशंटना काढता-घालता येणारा बूट दिला आणि त्यांच्या नकळत पावलं मोजली. दिवसभरातल्या हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के हालचाल तो बूट घालून झालेली निघाली. बाहेर जाताना बूट घातला, घरात आल्यावर दारात काढला. आपल्याकडे तर घरात पादत्राण चालतच नाही. “घरातल्या घरातच तर फिरतो” असं म्हणणाऱ्याने स्वयंपाकघर, संडास, गॅलरी, देवघर अशा फेऱ्या एकदा मोजून बघाव्यात. घरात वापरायची वेगळी, धुतलेली चप्पल ठेवली की सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न बहुतेक घरांत सुटतो.

प्लास्टर सगळ्यांना चालत नाही. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जखमेत पू असेल तर आधी त्याचं बघावं लागतं. पण निदान “माझ्या जखमेवरचं वजन कसं काढणार?” हा प्रश्न प्रत्येकाने डॉक्टरांना विचारायला हवा. त्याला उत्तर मिळत नसेल आणि फक्त नवं मलम मिळत असेल, तर पायाची वेगळी ओपीडी चालवणारं ठिकाण शोधा. इंग्लंडमध्ये पोडिअॅट्रिस्ट (फक्त पायांवर उपचार करणारा तज्ज्ञ) हा नोंदणी असलेला स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे हेच काम सर्जन, मधुमेहतज्ज्ञ, फिजिओ आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर यांच्यात वाटलं गेलं आहे. त्यामुळे कुणाकडे जायचं हेच लोकांना उमगत नाही, आणि मधल्या काळात पेडिक्युअरवाली किंवा कंपाउंडर पायाचा डॉक्टर होऊन बसतो.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात: लाली, सूज, पू, उष्णता नसलेल्या स्वच्छ जखमेला त्याची गरज नसते. आणि जखमेत रोज हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट ओतू नका. फेस येतो तो मळाचा नव्हे, नव्या पेशीही त्यात मरतात. सलाइनने धुतलेलं पुरतं. हळद, चहापत्ती, तंबाखूची राख यांनी जखम दिसेनाशी होते, एवढाच त्यांचा उपयोग.

चप्पल, जोडवी आणि वारी

बधिर पायाला घट्ट बूट “फिट” वाटतो, कारण सैल बूट पायात आहे हेच त्याला कळत नाही. म्हणून दुकानात पायाला विचारू नका. पुठ्ठ्यावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा, कापा आणि तो पुठ्ठा बुटात सरकवा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे. आतली लांबी पावलापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी. अंगठ्याची चप्पल नको, ती पायातून निसटून मागे राहिली तरी कळत नाही. मागे पट्टा हवा, तळ बाहेरून टणक आणि आतून मऊ हवा, आणि खिळे ठोकलेले नसावेत. एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची चप्पल यात बसते. पण ती घ्यायला लोक का-कू करतात, कारण कुष्ठरोग्यांना सरकारी योजनेतून तशाच चपला मिळतात आणि “लोक काय म्हणतील” ही भीती असते. चांगला चर्मकार हवा त्या रंगाची, साध्या सँडलसारखी दिसणारी एमसीआर चप्पल करून देतो. रबर अंगठ्याने दाबून बघा. दबलेला भाग वर आला नाही तर ते बदलायची वेळ झाली आहे.

बूट घालण्याआधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. एकदा एका मास्तरांच्या बुटातून चिंचोका पडला. दिवसभर शाळेत उभं राहून त्याचा ठसा तळव्यावर जसाच्या तसा उमटला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

बायकांच्या बाबतीत जोडवी विसरली जातात. पाय सुजला की जोडवं रुततं आणि खालची जखम चांदीखाली झाकली जाते. रोज सरकवून बघा, रुतत असेल तर काढा. मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्यांना बाहेरच्या घोट्यावर घट्टा येतो, तिथे गादी घ्या. जमिनीवर झोपणाऱ्यांचे बधिर पाय रात्री उंदराने कुरतडल्याचे प्रकारही होतात, हसण्यावारी नेऊ नका.

अनवाणी वारी किंवा नवरात्रात चप्पल न घालणं हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्यावर डॉक्टरने व्याख्यान देऊ नये. पण संवेदना गेलेल्या माणसाने अनवाणी चालू नये, यात मला शंका नाही. पायात पादत्राण घालून वारी करणारे काही कमी नाहीत. देवळात जायचंच असेल तर सकाळी जा, दुपारी प्रांगणातली फरशी तापते. आणि जाड सॉक्स घालू देतात का ते विचारा.

लचक नसलेली लचक

जखम नाही, पण एक पाय अचानक सुजलाय, लाल आहे, दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, आणि फारसा दुखत नाही. याला लचक समजून तेल लावून चोळतात, हाडवैद्याकडे नेतात, किंवा युरिक अॅसिडच्या गोळ्या सुरू होतात. बधिर पायात हे शार्को फूट असू शकतं. आतली हाडं झिजून मोडत असतात आणि सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. दोन पायांच्या त्वचेच्या तापमानात दोनेक अंश सेल्सिअसचा फरक सापडला की सावध व्हायचं. निदान पक्कं होईपर्यंत पाय टेकवायचाच नाही आणि चोळायचं तर अजिबात नाही. आठवडाभर “बघू” म्हणत चाललात तर पावलाची कमान बसते, तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो आणि मग जन्मभर त्याच जागी जखमा होत राहतात.

“बोट काढावं लागेल” असं सांगितलं तर

घाबरून सही करू नका आणि घाबरून पळूनही जाऊ नका. तीन गोष्टी विचारा. पायाचा रक्तप्रवाह तपासला का? हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का, आणि ते कशावरून ठरवलं? कापल्यानंतरची जखम भरेल इतकं रक्त तिथे पोचतंय का?

यातला रक्तप्रवाहाचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. पण मधुमेहात रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या कडक होतात आणि आकडा १.३ किंवा त्याहून वर, फसवा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब किंवा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघावा लागतो. चालताना पोटरीत गोळे येणं, पाय गार पडणं, बोट काळं-कोरडं होणं, आणि विडी-सिगारेटचा इतिहास, हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा. रक्तवाहिनी फुग्याने किंवा बायपासने उघडून दिली तर जिथे पाय जायचा तिथे कधीकधी बोटावर भागतं. उलट रक्त न पोचणाऱ्या पायाचं बोट आधी कापलं, तर ती जखमही भरत नाही आणि कापाकापी वरवर सरकत जाते.

मात्र जखमेला वास येतोय, पेनाने आखलेल्या रेघेच्या बाहेर लाली तासातासाला चढतेय, थंडी वाजून ताप आहे, काही कारण नसताना शुगर चारशेच्या वर गेली आहे, अशा वेळी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरची पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट काढत बसू नका. पू त्याच रात्री बाहेर काढावा लागतो. रक्तवाहिन्यांचं काय करायचं ते त्यानंतर एक-दोन दिवसांत ठरवता येतं.