आईची अंगदुखी, गुडघे आणि व्हिटॅमिन डी-३: शेवटी काय लागू पडलं (माझा अनुभव)

आईचे गुडघे, कंबर, मांड्या सगळंच ठणकायचं. जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागायचा. ग्लुकोसामाइनची (सांध्यांसाठी विकतात ती पूरक गोळी) महागडी बाटली, मल्टिव्हिटॅमिन, तेलमालीश, सगळं करून झालं. वैताग आला होता.

भुसावळच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (शरीरातलं डी किती ते कळतं), कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं). डी २० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली म्हणजे कमतरता. आईचं बरंच खाली. खान्देशात ऊन काय कमी? पण त्या उन्हात बाहेर पडतंय कोण!

मग गोळ्यांचा क्रम असा लागला. सकाळी उपाशीपोटी फक्त आईची नेहमीची थायरॉइडची गोळी, पाण्यासोबत. कॅल्शियम कार्बोनेट (कॅल्शियमची गोळी) त्या गोळीनंतर किमान ४ तासांनी, दुपारच्या जेवणासोबत, कारण ते पोटातल्या आम्लात विरघळतं. लोहाची गोळी चालू असेल तर ती याच्यासोबत नको. डी-३ ६०,००० युनिटचं, आठवड्यातून एकदाच, ८ आठवडे, तेला-तुपाच्या जेवणानंतर. ते स्निग्धात विरघळतं. (शेवभाजीची तर्री आईने लगेच औषधात जमा केली.) हे रोज घ्यायचं नाही, अति झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. कोर्स संपल्यावर पुन्हा तपासणी.

मांड्यांची ठणक गेली, उठणं सोपं झालं. गुडघ्यांची झीज मात्र गोळ्यांनी भरून येत नाही. त्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम चालू आहे.