३२-बिट नेटबुकसाठी लिनक्सचा सपोर्ट कसा टिकवावा

जुलै २०१९ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधील (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील) फ्लॉपी ड्रायव्हरवर, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह चालवणाऱ्या कोडवर, ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ असा शेरा पडला, कारण त्याची देखभाल करणाऱ्याकडे चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता. कोड जागेवर होता. तो चालतो की नाही हे सांगणारा मात्र कोणी नव्हता. पुढे दुसऱ्या एका स्वयंसेवकाने ते काम अंगावर घेतले आणि ड्रायव्हर वाचला. ३८६ प्रोसेसरच्या नशिबी ते नव्हते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ज्या जातीच्या संगणकावर लिनक्स लिहायला घेतले, त्याच जातीचा सपोर्ट फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीतून वगळला गेला. जानेवारी २०२४ मध्ये ६.७ या आवृत्तीत इटानियम या इंटेलच्या प्रोसेसरचा सपोर्टही गेला. एखादे हार्डवेअर काढून टाकावे का, अशी चर्चा निघते तेव्हा पहिला प्रश्न असतो तो हे यंत्र अजून कोणी वापरते का, हा. त्याला पुराव्यानिशी ‘हो’ म्हणणे हे प्रोग्रामर नसलेल्यालाही जमण्यासारखे काम आहे, आणि ते कसे करावे हे २००८ च्या सुमारास सर्वत्र विकल्या गेलेल्या ॲटम एन२७० प्रोसेसरच्या नेटबुकचे, म्हणजे छोट्या लॅपटॉपचे, उदाहरण घेऊन पुढे सांगितले आहे.

यंत्राची कुंडली आणि तब्येत

सर्वप्रथम यंत्रात नेमके काय आहे ते लिहून काढावे. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यावर प्रोसेसरच्या वैशिष्ट्यांची जी लांबलचक यादी येते, तिच्यात ‘एलएम’ ही दोन अक्षरे नसतील तर प्रोसेसर निव्वळ ३२-बिट आहे असे समजावे. एन२७० मध्ये ती नसतात. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘एनएन’ हा पर्याय जोडल्यास प्रत्येक उपकरणापुढे उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक दिसतात. वायफाय कार्डवरच्या छापील नावापेक्षा या क्रमांकांवर विश्वास ठेवावा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपा विकल्या गेलेल्या आहेत.

त्यानंतर यंत्राच्या तब्येतीकडे वळावे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला असेल, तर संगणक दर वेळी कित्येक वर्षे मागच्या तारखेला जागा होतो. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारू लागतो, डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीमची ‘ॲप्ट’ ही आज्ञा दुरुस्त्यांची यादी अजून वैध झालेली नाही अशी तक्रार करते, आणि आपण मात्र नव्या आवृत्तीला दोष देत बसतो. हा तीन व्होल्टचा सेल घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो, तो आधी बदलावा. काही नेटबुकांत तो वायरसह प्लास्टिकच्या वेष्टनात असतो, त्यामुळे उघडून पाहिल्याशिवाय विकत आणू नये. रॅम किमान एक रात्र ‘मेमटेस्ट’खाली तपासावी. बदलायची वेळ आलीच, तर डीडीआर२ च्या पट्ट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधाव्यात. या नेटबुकांच्या चिपसेटला २ जीबीपेक्षा जास्त रॅम पेलवत नाही, तेव्हा दुकानदाराने आग्रह केला तरी त्याहून मोठी पट्टी घेऊ नये.

ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना पर्याय थोडेच उरतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही आहेत, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये दोन्ही नाहीत. नेटबीएसडी १० ही लिनक्सहून वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम अशा यंत्रांवर आजही बसते. माझ्या मते डिस्कचे दोन भाग करून डेबियन १२ आणि नेटबीएसडी दोन्ही ठेवावीत, कारण एकावर जे बिघडते ते दुसऱ्यावर चालत असेल, तर दोष यंत्राचा नाही एवढे तरी लगेच कळते.

कर्नल बांधणे

नेटबुकवरच कर्नल कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडपासून बांधायला, बसलो तर अख्खा दिवस जाऊ शकतो, म्हणून ते काम घरातल्या नव्या ६४-बिट संगणकावर करावे. तिथला कंपायलर योग्य पर्याय दिल्यास ३२-बिट कर्नलही बनवतो. (नेटबीएसडीची ‘बिल्ड’ स्क्रिप्ट तर आधी स्वतःचा कंपायलर बांधते आणि मग बाकीचे काम करते.) डेबियनच्या कर्नलमध्ये हजारो ड्रायव्हर असतात आणि आपल्याला शंभरएक पुरतात. त्यासाठी नेटबुकवर ‘एलएसमॉड’ चालवून येणारी चालू ड्रायव्हरांची यादी एका फाइलमध्ये जतन करावी, ती फाइल नव्या संगणकावर न्यावी आणि कर्नलमधल्या ‘लोकलमॉडकॉन्फिग’ या सोयीला द्यावी, वापरात असलेलेच ड्रायव्हर मग निवडले जातात. यादी घेण्याआधी कॅमेरा, कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह अशी सगळी उपकरणे एकदा चालवून पाहावीत, कारण त्या क्षणी जे झोपलेले असेल ते यादीत येत नाही, आणि मग नव्या कर्नलमध्ये पेन ड्राइव्ह दिसेनासा झाला की ती चूक कर्नलची नसून आपली असते.

चालू असलेला जुना कर्नल बूट मेन्यूतून कधीही काढू नये.

चाचणी आणि बिघाडाचा माग

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात, त्यानंतर ‘आरसी-१’ ही पहिली चाचणी-आवृत्ती निघते आणि पुढे बहुधा दर रविवारी एक. आपल्याकडे ती हाती पडते तेव्हा सोमवार उजाडलेला असतो. प्रत्येक आरसी तपासायला सवड नसेल तर निदान आरसी-१ तपासावी, कारण बहुतेक मोडतोड तिच्यातच झालेली असते. बूट होणे, पडदा, आवाज, वायफाय, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर जागे होणे, एवढ्या गोष्टी दर वेळी त्याच क्रमाने पाहाव्यात आणि तारखेसह वहीत लिहाव्यात. झोपून जागे होणे हे सर्वांत आधी बिघडते, असा माझा अनुभव आहे.

समजा, मागच्या आवृत्तीपर्यंत ठीक असलेला पडदा या वेळी जागा झाल्यावर काळाच राहिला. दोन आवृत्त्यांमध्ये बारा-चौदा हजार बदल झालेले असतात, पण ते एकेक वाचायची गरज नसते. ‘गिट बायसेक्ट’ या दोषी बदल शोधणाऱ्या साधनाला शेवटची चांगली आणि पहिली वाईट आवृत्ती सांगितली की ते बरोबर मधला बदल काढून देते, तो बांधून नेटबुकवर चालवावा आणि ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असे उत्तर द्यावे, की उरलेल्यांतला निम्मा ढीग बाद होतो. चौदा फेऱ्यांत, म्हणजे दोन-तीन संध्याकाळींत, दोषी बदल हाती लागतो. एखादा टप्पा कंपाइलच होत नसेल तर ‘स्किप’ म्हणून पुढे जावे, अंदाजाने उत्तर देऊ नये. एक चुकीचे उत्तर पुढचा सगळा शोध भलत्या वाटेला लावते. म्हणूनच अधूनमधून होणारा बिघाड असेल, तर पाच-सहा वेळा झोपवून-उठवून पाहिल्याशिवाय ‘चांगला’ म्हणू नये. पडदा काळा असताना आतले संदेश वाचायचे झाल्यास नेटबुकला सिरियल पोर्ट नसतो, तेव्हा ‘नेटकन्सोल’ वापरून ते इथरनेटच्या वायरीने दुसऱ्या संगणकावर पाठवता येतात. वायफायवर भरवसा ठेवू नये.

कळवणे

कर्नलबरोबर येणाऱ्या ‘मेन्टेनर्स’ या फाइलमध्ये प्रत्येक भागाची जबाबदारी कोणाकडे आहे ते दिलेले असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे कोणीतरी पगारावर ते काम पाहत आहे, ‘मेन्टेन्ड’ म्हणजे कोणीतरी पाहत आहे, ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे जमेल तेव्हा. आणि ‘ऑर्फन’ असेल तर आपले पत्र वाचणाराही कदाचित नसेल, अशा वेळी वरच्या उपप्रणालीच्या देखभालकर्त्याला लिहावे. ईमेल साध्या मजकुरात असावा आणि त्यात दोषी बदलाचा क्रमांक, शेवटची चांगली आवृत्ती व दोन्ही वेळचे पूर्ण ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलने नोंदवलेले संदेश, जोडलेले असावे. आधी चालत असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत मोडता कामा नये, हा लिनक्सचा जुना आणि कडक नियम आहे, त्यामुळे ‘माझे जुने यंत्र नीट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘अमुक बदलापासून चालेनासे झाले’ या वाक्याला कितीतरी वजन असते. उत्तरादाखल दुरुस्ती आली की ती त्याच आठवड्यात तपासून ‘टेस्टेड-बाय’ (म्हणजे ‘तपासणारा’) अशी ओळ आपल्या खऱ्या नावाने पाठवावी. ती कर्नलच्या इतिहासात कायमची राहते, आणि हे यंत्र त्या तारखेला वापरात होते याचा यापेक्षा पक्का दाखला नाही.

एक चाचणी मात्र आत्ताच करून ठेवण्यासारखी आहे. ३२-बिट वेळमोजणी, म्हणजे ३२ बिटांत सेकंद मोजण्याची जुनी पद्धत, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. नेटबीएसडीने २०१२ मध्ये आणि लिनक्स कर्नलने २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत यावर उपाय केला, पण डेबियनच्या ३२-बिट पीसीसाठीच्या प्रोग्रामांत वेळ अजून जुन्याच मापाने मोजली जाते. डिस्कची प्रत काढून, नेटवर्कची वायर उपसून, घड्याळ त्या दिवशीच्या ८ वाजून ४० मिनिटांवर न्यावे आणि पाच मिनिटे कोणते प्रोग्राम कोसळतात ते पाहून नोंदवावे. चाचणी संपल्यावर काढून ठेवलेली प्रत डिस्कवर परत घालावी आणि तारीख आजची करावी, नाहीतर २०३८ चे शिक्के बसलेल्या फाइलींमुळे पुढची कंपाइल मुकाट्याने अर्धवट होईल.