दानशूर उद्योगपतीचे चरित्र कसे लिहावे

दानशूर उद्योगपतीचे चरित्र लिहिताना पहिली चूक बहुधा प्रकरणे पाडतानाच होते: आधी गरिबी, मग कष्ट, मग कारखाने आणि शेवटी देणग्या. ही मांडणी वाचायला सोपी असली, तरी पैसा कसा मिळाला आणि तो का दिला, हे दोन प्रश्न तिच्यात कधी समोरासमोर येत नाहीत. म्हणून लेखनापूर्वी एका मोठ्या कागदावर दोन रकाने आखावेत आणि डावीकडे मिळकतीच्या, उजवीकडे दानाच्या नोंदी सनावळीनुसार भराव्यात.

अमेरिकेतील पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचेच चरित्र घ्या. स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे १८३५ मध्ये हातमागावरच्या विणकराच्या घरी जन्मलेला हा मुलगा १८४८ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आला आणि गिरणीत आठवड्याला १.२० डॉलर मजुरीवर बॉबिन (सुताची रिळे) सांभाळू लागला. हा भाग थोडक्यात आटोपावा, कारण तो सर्वांना पाठ असतो. कर्नल जेम्स अँडरसन यांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह कष्टकरी मुलांना खुला केला होता, ही नोंद मात्र ठळक करावी; कार्नेगींच्या पैशातून पुढे उभ्या राहिलेल्या अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांचे मूळ तिथे आहे.

खरी कसोटी १८८९ पासून लागते. श्रीमंताने हयातीतच संपत्ती लोकहितासाठी खर्चावी, असे मांडणारा त्यांचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि तीनच वर्षांनी, जुलै १८९२ मध्ये, त्यांच्या होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात वेतनकपातीवरून पेटलेल्या संघर्षात कामगार आणि कंपनीने आणलेले पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेचे सशस्त्र पहारेकरी यांच्यात गोळीबार होऊन दोन्हीकडची माणसे मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते आणि कारभार हेन्री क्ले फ्रिक पाहत होते, एवढे लिहून चरित्रकाराने थांबू नये. कामगार संघटनेला कारखान्याबाहेर काढण्याच्या धोरणाला मालकाची आधीपासून संमती होती, हे त्याच परिच्छेदात यायला हवे. पुढे १८९८ मध्ये त्याच कामगारवस्तीसाठी कार्नेगींनी ग्रंथालय उभारले. बारा तास भट्टीपाशी राबणाऱ्याने पुस्तक कधी उघडायचे, हा प्रश्न इथे विचारणे हे माझ्या मते चरित्रकाराचे कर्तव्य आहे; ग्रंथालय खोटे ठरवण्यासाठी नव्हे, तर ते कोणाच्या दारात उभे राहिले हे दिसावे म्हणून.

देणगीची केवळ रक्कम न सांगता तिच्या अटी तपासाव्यात, कारण देणाऱ्याचा स्वभाव तिथे उघड होतो. कार्नेगी सामान्यतः इमारतीचा पैसा देत. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी कररूपाने उभी करून ग्रंथालय चालवायचे. म्हणजे १०,००० डॉलरच्या इमारतीसाठी गावावर दरसाल १,००० डॉलरची जबाबदारी येई.

आकड्यांचे आजच्या पैशांत रूपांतर करण्याचा मोह टाळावा आणि त्या काळची मजुरी शेजारी ठेवावी. १९०१ मध्ये कार्नेगींची पोलाद कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली गेली, हे वाक्य त्या १.२० डॉलरशेजारी पुरेसे बोलते. कार्नेगींचे आत्मचरित्र वापरावे, पण होमस्टेडच्या संघर्षाबाबत ते त्या दिवसांतल्या पत्रांशी आणि वर्तमानपत्रांशी ताडून पाहावे.

दोन्ही रकाने भरले की लेखाचा आरंभ जन्मतारखेपासून न करता, जिथे डावी आणि उजवी नोंद एकाच गावात येतात तिथून करावा. कार्नेगींच्या बाबतीत ते गाव होमस्टेड.