मोंढ्यातल्या कॉम्प्युटरवरचं अ‍ॅप घरच्या मोबाइलवर कसं उघडावं

समजा, परभणीच्या मोंढ्यात तुमची आडत आहे. पोरानं जँगोमध्ये (पायथॉन भाषेत वेब-अ‍ॅप बनवायचं साधन) छोटंसं अ‍ॅप करून दिलंय: शेतकऱ्याचं नाव, सोयाबीनचे कट्टे, वजन, भाव, आणि हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टी तयार. दुकानात ते झकास चालतं. पण रात्री जिंतूरला घरी बसून दिवसभराच्या पट्ट्या बघायच्या म्हटलं, की मुनीमजींना फोन लावावा लागतो. एवढ्यासाठी सर्व्हर भाड्यानं घ्यायची गरज नाही.

दुकानात तुम्ही ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००० टाकता, त्याचा अर्थ ‘हाच कॉम्प्युटर’. घरी मोबाइलवर तेच टाकलं तर मोबाइल स्वतःतच अ‍ॅप शोधत बसतो. १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ताही दुकानाच्या वाय-फायपुरताच.

आधी कनेक्शन कसलं आहे ते बघा. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, लिहिलेला असतो. मग आपला आयपी दाखवणारी साइट गूगलवर शोधून तिथं दिसणारा आकडा ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, तुमच्याकडे आहे. राउटरवरचा आकडा वेगळा, त्यातही १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर कंपनीनं एकाच पब्लिक आयपीमागं अनेक ग्राहक बसवलेत. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती दुकानातल्या कॉम्प्युटरकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून काही पोचत नाही, कारण वरचा राउटर तुमच्या हातात नाही.

पब्लिक आयपी असला तरी माझं मत पोर्ट (कॉम्प्युटरमध्ये शिरायचं क्रमांकाचं दार, जसं ८०००) उघडू नये असंच आहे. उघडा पोर्ट शोधणारे बॉट जगभर रात्रंदिवस फिरत असतात. दुरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि मायएसक्यूएल डेटाबेसचा ३३०६ तर कुणी कितीही सांगितलं तरी उघडू नका.

त्यापेक्षा टनल बरा. यात तुमचाच कॉम्प्युटर बाहेर जोडणी करतो आणि बाहेरच्या विनंत्या त्याच जोडणीतून आत येतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचा ‘क्लाउडफ्लेअर्ड’ हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या. पण तो चालू करण्याआधी जँगोच्या सेटिंग फाइलमध्ये डीबग (चुका सविस्तर दाखवायची सोय) बंद करा. नाहीतर चूक झाली की अ‍ॅपचा कोड बघणाऱ्याच्या स्क्रीनवर येतो. डीबग बंद केल्यावर पानाचे रंग आणि बटणांची मांडणी गायब झाली तर घाबरू नका. व्हाइटनॉइज हे पानाच्या सजावटीच्या फाइल्स पुरवणारं पॅकेज बसवलं की परत येते. ‘अलाउड होस्ट्स’मध्ये (अ‍ॅप कोणत्या पत्त्यांवर उघडू द्यायचं त्या यादीत) सुरुवातीला टिंब देऊन ट्रायक्लाउडफ्लेअर डॉट कॉम घाला, नाहीतर ४०० ची एरर येईल.

आता कमांड प्रॉम्प्टमध्ये क्लाउडफ्लेअर्ड, टनल, मग दोन डॅश लावून यूआरएल आणि शेवटी लोकलहोस्ट ८००० चा पत्ता द्या. चार शब्द जोडलेला एक पत्ता मिळेल. मोबाइलचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर तो उघडून बघा. दुकानाच्या वाय-फायवर बसून बाहेरची चाचणी होत नाही.

हा पत्ता फक्त तपासण्यापुरता, टनल पुन्हा सुरू केला की बदलतो. कायमसाठी स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) घ्या, त्याचे नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरकडे वळवा आणि क्लाउडफ्लेअरच्या डॅशबोर्डवर कायमचं नाव दिलेला टनल बनवा. तिथं मिळणारा आदेश अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की क्लाउडफ्लेअर्ड विंडोजची सर्व्हिस (मशीनबरोबर आपोआप सुरू होणारा प्रोग्राम) बनतो. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आपोआप लागतं. अडकायला होतं ते लॉगिनपाशी: पान दिसतं, पासवर्ड टाकला की ४०३ ची (परवानगी नाही) एरर. सेटिंग फाइलमधल्या ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’मध्ये (विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत) एचटीटीपीएससकट नवा पत्ता लिहा. जँगो ४.० पासून पत्त्याच्या सुरुवातीचा एचटीटीपीएस लिहिल्याशिवाय भागत नाही. नवं डोमेन ‘अलाउड होस्ट्स’मध्येही हवंच.

पट्टीवर शेतकऱ्याचं नाव आणि रक्कम असते, तेव्हा अ‍ॅपच्या पासवर्डवर विसंबू नका. क्लाउडफ्लेअर अ‍ॅक्सेसमध्ये ठरावीक ईमेल लिहिले, की त्याच ईमेलवर कोड जातो. तो टाकल्याशिवाय लॉगिनचं पानसुद्धा दिसत नाही.

आणि आपल्याकडे लाईटचं काय सांगावं! बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती चालू करा. विंडोजचं स्लीप बंद ठेवा. जँगोचा रनसर्व्हर (सोबत येणारा, तपासण्यापुरता सर्व्हर) रोजच्या वापरासाठी नाही. त्याऐवजी वेट्रेस हा पक्का सर्व्हर-प्रोग्राम बसवा आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून कॉम्प्युटर सुरू होताच चालेल असं लावा. राउटरही इन्व्हर्टरवर हवा, हे बरेचजण विसरतात.

पट्ट्या घरातल्या दोघा-तिघांनाच बघायच्या असतील तर डोमेनच्या भानगडीत पडू नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर टेलस्केल (आपली मशीनं एकमेकांशी खासगीत जोडणारं अ‍ॅप) टाका, एकाच खात्यानं लॉगिन करा. मात्र तेव्हा वेट्रेस १२७.०.०.१ ऐवजी ०.०.०.० वर (म्हणजे सगळ्या जोडण्यांवर) ऐकायला लावा, विंडोजच्या फायरवॉलमध्ये ८००० ला परवानगी द्या आणि टेलस्केलनं दिलेला पत्ता ‘अलाउड होस्ट्स’मध्ये लिहा.