इमारतीत विद्युत वाहनाचा चार्जर बसवण्याआधी काय मोजावे

विजेच्या गाडीसाठी चार्जर बसवायचे ठरले की बहुतेक सोसायट्या आधी यंत्रांची दरपत्रके मागवतात. खरे तर यंत्राची निवड सर्वांत शेवटी करावयाची असते. त्याआधी गाडी किती वेळ उभी राहते आणि इमारतीला किती वीज मंजूर आहे, हे दोन आकडे हाताशी हवेत.

पहिल्या आकड्याने अर्धे वाद मिटतात. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याहून वाळूजला रोज ये-जा करणाऱ्याची गाडी चाळीसेक किलोमीटर धावते, असे समजू. एका युनिटला सहा किलोमीटर धरले, तर तिला सात युनिट पुरतात आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे सुमारे ३.३ किलोवॅटने, ते सव्वादोन तासांत भरतात. गाडी मात्र रात्रभर उभी असते. त्यामुळे घरगुती वापरासाठी ७.४ किलोवॅटचा चार्जर ही बहुतेकांच्या बाबतीत हौस ठरते, असे माझे मत आहे.

दुसरा आकडा, म्हणजे मंजूर भार, महावितरणच्या बिलावर छापलेला असतो. त्यातून लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातील दिवे वजा करून काय उरते ते पाहावे. दहा गाड्यांना ७.४ किलोवॅटचे चार्जर दिले तर ७४ किलोवॅट लागतात, साधे सॉकेट दिले तर ३३. आणि पाच गाड्या रात्री दहा ते दोन, उरलेल्या दोन ते सहा अशा पाळ्या लावल्या तर १६.५ किलोवॅटमध्येच भागते. एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी कूलर सुरू असताना, रात्री नऊच्या सुमारास पार्किंगमधील व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्यावे. दुपारी मोजलेल्या आकड्यावर विसंबू नये.

त्यानंतर वीज कोणत्या मीटरवरून घ्यायची, ते सर्वसाधारण सभेत ठराव करून ठरवावे. दोन-चारच गाड्या असतील तर ज्याच्या त्याच्या फ्लॅटच्या मीटरवरून त्याच्या पार्किंगपर्यंत केबल नेणे बरे, कारण हिशोबाची कटकट राहत नाही. कॉमन मीटरवरून वीज घेतल्यास प्रत्येक सॉकेटला सबमीटर लावावा. गाड्या वाढणार असतील तर चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी. २०२४ साली वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीने ही सोय स्पष्ट केली आहे आणि विद्युत वाहनांसाठी दरवर्गही वेगळा आहे.

केबलच्या बाबतीत आमच्या सोसायटीने स्वतःच चूक केली. मीटर रूमपासून चाळीस मीटरवरच्या ७.४ किलोवॅटच्या चार्जरला आम्ही ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली. ३२ अँपिअर प्रवाहाला एवढ्या अंतरात नऊ व्होल्टच्या वर घट येते. मुळातच व्होल्टेज कमी असलेल्या रात्री चार्जर वारंवार बंद पडू लागला. १० चौरस मिलिमीटरची केबल टाकल्यावर घट साडेपाच-सहा व्होल्टवर आली, परंतु खोदकामाचा खर्च दोनदा झाला. हा हिशोब खोदाईपूर्वी कागदावर करून घ्यावा.

मराठवाड्यात अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात नीट चालणारा चार्जर मे महिन्यात अर्थिंगचा दोष दाखवून थांबतो. रोध उन्हाळ्यात मोजावा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी. तळघरात पाणी शिरत असेल तर सॉकेट छातीच्या उंचीवर बसवावे.

व्यावसायिकांनीही गाडी किती वेळ थांबते, यावरूनच निवड करावी. कारखान्यात किंवा कार्यालयात कर्मचाऱ्यांची गाडी आठ तास उभी असते, तेथे साधे सॉकेट पुरेसे आहे. जालना रस्त्यावरील हॉटेलात मात्र गिऱ्हाईक अर्धाच तास बसते. तेथे ३० किलोवॅटचा डीसी, म्हणजे जलद चार्जर तेवढ्या वेळात जास्तीत जास्त पंधरा युनिट, म्हणजे साधारण नव्वद किलोमीटरची वीज देतो. त्यासाठी थ्री-फेज जोडणी आणि वाढीव भार लागतो, म्हणून दिवसाला किती गाड्या थांबतील याचा अंदाज घेऊनच अर्ज करावा. लोकांना पैसे घेऊन चार्जिंग देण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि चाचणी अहवाल हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. अहवालानंतर एका रात्री पाळीतील सर्व गाड्या एकाच वेळी लावून पाहाव्यात. तासाभराने वायरमनने प्रत्येक प्लग बाहेरून तपासावा आणि ज्याचा प्लग हाताला चटका देण्याइतका तापला असेल, ते सॉकेट बदलेपर्यंत बंद ठेवावे.