रात्री दोनला डोक्यात सुरू होणारी गिरणी

रिपोर्ट यायचाय, मुलाचा निकाल तोंडावर आलाय, आणि रात्री दोन वाजता डोक्यात ‘असं झालं तर? तसं झालं तर?’ सुरू होतं. ‘विचार करू नकोस’ म्हणून काही तो थांबत नाही. त्यापेक्षा काळजीला वेळ ठरवून द्या.

१. संध्याकाळची १५ मिनिटं पक्की करा, समजा साडेसहा ते पावणेसात. झोपायच्या तोंडावर नको.

२. उशाशी वही-पेन ठेवा. विचार आला की एका ओळीत लिहा, ‘उद्या साडेसहाला’ म्हणा आणि वही मिटा. मोबाइलवर लिहू नका. एकदा हातात आला की तासभर सुटत नाही.

३. संध्याकाळी वही उघडा. ज्या ओळीबाबत आपल्या हातात काही असेल, तिच्यापुढे एकच काम लिहा: ‘लॅबला फोन’, ‘फीची तारीख विचारणे’. बाकीच्यांवर काट. निम्म्या ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात, हा माझा अनुभव.

पहिले चार-पाच दिवस जमणार नाही, तरी लिहीत राहा.

मात्र दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीतही बोलता येतं.